रीकॅप: नोंदी चोख, पण धावून येणारं कुणी नाही
'रीकॅप' हा चाचेगिरीविरुद्धचा देशोदेशींचा करार; त्याचं सिंगापूरमधलं माहिती केंद्र 2006 पासून आशियाई समुद्रातल्या चाचेगिरीच्या आणि जहाजांवरच्या सशस्त्र चोऱ्यांच्या नोंदी ठेवतं. साप्ताहिक अहवाल मोफत. घटनांची प्रतवारी कॅट (कॅटेगरी) 1 ते 4, त्यात 1 सर्वांत गंभीर. हत्यारं, चोरांची संख्या, खलाशांना झालेली इजा, गेलेला माल हे पाहून ती ठरते. त्यामुळे नुसत्या आकड्यांनी दचकायला होत नाही. सिंगापूर सामुद्रधुनीत बऱ्याचदा रात्री इंजिनाचे सुटे भागच जातात!

मोठी उणीव म्हणजे इंडोनेशिया आणि मलेशिया करारात नाहीत, आणि घटना तर अनेकदा इंडोनेशियाच्याच पाण्यात. केंद्राकडे स्वतःच्या गस्ती नौकाही नाहीत. म्हणून कॅप्टनने आधी जवळच्या किनारी देशाला कळवावं. नुसता कंपनीला मेल टाकला, तर तो फिरून तटरक्षकांपर्यंत पोहोचेतो चोर पसार.