मुक्कामाला गाडीवर झोपावं, गाडीत की गाडीशेजारी?

रूफटॉप टेंटचे, म्हणजे गाडीच्या छतावर उघडणाऱ्या तंबूचे, फोटो बघून मन बनवण्याआधी गाडीचं मॅन्युअल काढा आणि छतावर किती किलो चालतं तो आकडा शोधा. तो आकडा चालत्या गाडीचा असतो. उभ्या गाडीचं छत त्याच्या कितीतरी पट भार पेलतं, त्यामुळे दोन माणसं वर झोपली म्हणून काही होत नाही. छताची कसोटी लागते ती गाडी खड्ड्यात आदळते तेव्हा. समजा मर्यादा ७५ किलो आहे. लोखंडी कॅरिअर २५ किलोचं, तंबू ५५ किलोचा. झाले ८०, आणि वर ठेवलेलं अंथरूण-पांघरूण अजून मोजलेलंच नाही. शिवाय कॅरिअर बनवणारे बरेच जण कच्च्या रस्त्यासाठी आकडा दीडाने भागायला सांगतात. म्हणजे ७५ चे उरले ५०.

तीन दारांच्या थारला हे गणितच लागू नाही. तिचा हार्डटॉप पत्र्याचा नसतो. त्यावर क्रॉसबार (छतावरचे आडवे दांडे) आवळून तंबू चढवणं म्हणजे तडा मागून घेणं. तिथे भार बॉडीवर किंवा रोलकेजवर (आतल्या नळ्यांच्या सांगाड्यावर) उतरवणारी बाहेरची चौकट लागते, आणि ती स्वतःच जड. पाच दारांच्या थार रॉक्सचं छत पत्र्याचं आहे. जिम्नीला आणि जुन्या जिप्सीला छताच्या कडेने पन्हळ असते, क्लॅम्प तिथे छान बसतो. पण पन्हळ मजबूत म्हणून छताची मर्यादा वाढत नाही. जिम्नीसारख्या हलक्या गाडीवर पन्नास किलो चढले की आडव्या उतारावर ते लगेच कळतात.

छत पास झालं असं धरू. मग रूफटॉप टेंट कुणाला परवडतो? रोज नवा मुक्काम, सलग आठ-दहा रात्री, जमीन दगडगोट्यांची, अशा प्रवासात. स्पिती, झांस्कर, कच्छचं रण. कडक कवचाचा तंबू एक-दोन मिनिटांत उघडतो, कापडी घडीचा दहा मिनिटं घेतो; गादी आतच अंथरलेली असते. अंधारात, गारठ्यात पोचल्यावर याची किंमत कळते. एरवी त्याची किंमत कच्च्या रस्त्यावरही चालणाऱ्या चार ऑल-टेरेन टायरच्या संचाहून जास्तच पडते, हेही खरं.

अडचणी मात्र रोजच्या असतात. तंबू उघडला की गाडी खुंटीला बांधली गेली; सकाळी गावातून दूध आणायचं तरी आधी घडी घाला. गाडी सपाट उभी हवी. दोन-तीन अंशांचा कल दिसत नाही, पण रात्रभर माणूस एका बाजूला घरंगळत राहतो. मोबाइलमधली लेव्हल बघा, खालच्या बाजूच्या चाकाखाली चपटे दगड किंवा लाकडी ठोकळे घ्या, आणि राहिलाच कल तर डोकं चढाच्या बाजूला. सह्याद्रीत कड्याच्या धारेवर गाडी लावण्याचा मोह टाळा: रात्री तिथला वारा कापड इतकं फडफडवतो की झोप विसरा. पन्नास पावलं मागे, करवंदीच्या जाळीच्या आडोशाला लावा आणि तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे ठेवा. शहरात परतल्यावर उंची आड येते. थार मुळात सुमारे १.८५ मीटर, कॅरिअर आणि मिटलेला तंबू धरून सव्वादोन मीटरच्या वर जाते. मॉलच्या तळघराच्या तोंडाशी २.१ मीटरची पाटी असली तर तिथूनच मागे फिरा.

सगळ्यात मोठी डोकेदुखी ओल्या तंबूची. पावसात मिटलेला तंबू एक-दोन दिवसांत उघडून वाळवला नाही तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शेजारच्या गाडीला न लागता, तो उघडायला जागा आहे का? खरेदीआधी हा प्रश्न विचारायचा.

आता गाडीत झोपणं. इथे ब्रँडपेक्षा टेप महत्त्वाची. पुढच्या सीटा पूर्ण पुढे सरकवा, मधली रांग दुमडा, मागचं दार लावा आणि सीटच्या पाठीपासून दारापर्यंत मापा. दार उघडं ठेवून घेतलेलं माप फसवतं. तुमची उंची अधिक दहा सेंटिमीटर मिळाले तर सरळ झोपता येईल. पाच दारांच्या जिम्नीत पुढच्या सीटांची डोकी काढून त्या मागे पाडल्या की मागच्या बाकाला जवळजवळ जुळतात. जवळजवळच. कंबरेखाली सीटच्या कडांचे उंचवटे आणि सांध्यात खळगा राहतो. त्या खळग्यात घडी घातलेली गोधडी आणि वर पाच-सात सेंटिमीटर फोम, हा उपाय विकतच्या फुगवायच्या गादीपेक्षा चांगला, कारण फुगवलेली गादी खळग्यावर पूल बांधते आणि कुशीवर वळलं की झोका देते. तीन दारांच्या थारमध्ये दोघांनी पाय पसरून झोपायचा विचार सोडून द्या.

स्कॉर्पिओसारख्या लांब गाडीत फळी करून घेता येते. १२ मिमीचं बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारं) प्लाय घ्या. आठ बाय चारचा अख्खा तक्ता साधारण २२ किलो भरतो. सुतार १८ मिमीचा आग्रह धरेल, तो ३३ किलोवर जातो आणि दर ४०-४५ सेंटिमीटरवर आधार दिला तर त्याची गरजही नसते. तीन तुकडे, मध्ये पियानो बिजागरी (लांब पट्टीची), खाली सामानाचे क्रेट. फळीपासून छतापर्यंत ९० सेंटिमीटर तरी राहू द्या, नाहीतर बसून शर्टही घालता येत नाही. फळी बॉडीच्या हुकांना पट्ट्याने आवळा. मोकळी फळी जोराच्या ब्रेकला पुढच्यांच्या मानेवर येते. आणि मागच्या सीटा काढून टाकू नका. आरसीवर लिहिलेली आसनसंख्या बदलली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न उभा राहतो. दुमडून वर फळी टाका.

गाडीतल्या झोपेचा शत्रू थंडी नव्हे, दमटपणा. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं. बंद काचांवर त्याचे ओघळ येतात आणि पहाटे स्लीपिंग बॅगचं पायथ्याचं टोक ओलं लागतं. समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांतल्या दोन काचा दोन बोटं खाली ठेवा. वर रेन व्हायझर (काचेवरची पावसाची पट्टी) असला तर पावसातही चालतं. दारावर मोज्यासारखी चढणारी जाळी डास अडवते. वारा खेळावा म्हणून इंजिन चालू ठेवून एसी लावायचा नाही, कधीच नाही: गवतात किंवा बर्फात सायलेन्सर कोंडला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो. शेगडी आत घेण्याचंही तेच. थार, जिम्नी, स्कॉर्पिओचं मागचं दार कपाटासारखं बाजूला उघडतं, त्यामुळे त्याखाली पावसात चहा करता येत नाही. तीन बाय तीन मीटरची ताडपत्री लागतेच. आणि हे दार उघडं राहिलं की आतला दिवा जळत राहतो. बॅटरी उतरते आणि सकाळी स्टार्टर नुसता टक् करतो.

जमिनीवरच्या तंबूला लोक उगाच कमी लेखतात. वर्षातून आठ-दहा वीकेंड, एकेक रात्र, मावळ-मुळशी ते दापोली, एवढाच वापर असेल तर हाच घ्या आणि वाचलेले पैसे मॅटवर घाला. दोघांना तीन माणसांचा, दुहेरी थराचा, तळ ३००० मिमी जलरोधकतेचा (तेवढ्या उंच पाण्याचा दाब पेलणारा). आपल्याकडचा खरा प्रश्न कातळाचा. सड्यावर खुंट्या आत जात नाहीत, म्हणून खुंट्यांशिवाय उभा राहणारा डोम, म्हणजे घुमटाकार तंबू, हवा, आणि दोऱ्या आठ-दहा किलोच्या दगडांना किंवा गाडीच्या चाकाला बांधायच्या. खाली अंथरायचं प्लॅस्टिक तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर लहान हवं. ते बाहेर डोकावलं की बाह्य कापडावरून ओघळणारं पाणी त्यात गोळा होतं आणि लोक तंबू गळतो म्हणून ओरडतात.

मॅटची आर-व्हॅल्यू, म्हणजे जमिनीचा गारठा किती अडवते तो आकडा, बघा. जानेवारीतल्या घाटमाथ्याला २ पुरते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या स्पितीला ४ च्या खाली जाऊ नका. नुसती हवा भरलेली गादी जाड दिसते पण आतली हवा फिरत राहते आणि पाठ गार पडते. तिच्याखाली फोमची चटई टाका. घडीचा कॉट ओल्या जमिनीवर उत्तम, थंडीत मात्र त्याच्याखालून वारा वाहतो. हॅमक (टांगायची झोळी) दोन भक्कम झाडं असतील तर. माडाखाली नको, कारण सांगायला नको.

कोकणात तंबूची चेन सतत बंद हवी. फुरसं (विषारी साप) आणि लाल विंचू दोन्ही तिथलेच, आणि बूट बाहेर ठेवले तर सकाळी उलटे करून झटकल्याशिवाय पाय घालू नये. विंचू चावला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठा. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याचं काम महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी केलं. हीच भीती असेल तर रूफटॉपच्या बाजूचा तो एक चांगला मुद्दा. पण शिडीवरून रात्री दोनदा उतरावं लागणाऱ्या माणसाला तोही पटत नाही.

जागेचं म्हणाल तर गाडी वाळूवर नेणं गोव्यात गुन्हा आहे, अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम नाही, आणि बाकी सगळीकडे शेतमालकाला विचारून.

पावसाळ्यात जायचं असेल तर गाडीतच झोपा. ओला तंबू वाळवायला ऊन मिळणार नाही. मुलांसह चौघे असाल तर दोघे गाडीत, दोघे तिला खेटून लावलेल्या तंबूत. तंबूचं तोंड गाडीच्या दाराकडे, पण सायलेन्सरच्या टोकापासून लांब, आणि गाडीची किल्ली रात्री तंबूतल्या मोठ्या माणसाजवळ, एकच ठरलेली जागा: उशाखालच्या डाव्या बुटात.