जीवन प्रमाण ॲप : झिजलेल्या बोटांची अडचण सुटली
एसटीतून, साखर कारखान्यातून निवृत्त होऊन आजही लातूर-जालन्यात राखणदारी करणाऱ्यांचा हयातीच्या दाखल्यासाठी होणारा खाडा आता वाचतो, हे फार मोलाचं. सरकारच्या जीवन प्रमाण ॲपवर बोटांचे ठसे उमटत नसले तरी मोबाईलच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवून काम होतं. सोबत चेहरा ओळखणारं 'आधार फेस आरडी' ॲप हवं. उजेड तोंडावर घ्या, खिडकी पाठीमागे नको, मग पापण्या मिटून उघडा. खरी चूक पुढे होते: पेन्शन वाटणारी यंत्रणा चुकीची निवडली की दाखला नामंजूर. पीपीओवरून, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावरून, ताडून पाहाच. दाखल्याचा क्रमांक म्हणजे प्रमाण आयडी आला तरी मंजुरीची स्थिती तपासा. पोस्टमन घरी येऊनही करून देतो. ईपीएस-95 (पीएफ कार्यालयाची पेन्शन योजना) वाल्यांना दाखला दिल्यापासून वर्षभर चालतो, म्हणून बाकी पेन्शनरांच्या नोव्हेंबरच्या गर्दीत शिरूच नका.