तिसाव्या हप्त्यानंतर बंद केलेले कारकर्ज

आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून आमच्या स्विफ्टमध्ये बसणे-उठणे तिला जड जाऊ लागले, आणि कर्जाचे साठांपैकी तीस हप्ते शिल्लक असतानाच गाडी बदलायची वेळ आली. कर्ज एका खासगी बँकेचे होते. नवी ब्रेझा पुण्यातील एका शोरूममधून जुनी गाडी देऊन घेतली. या दोन्ही ठिकाणच्या सेवेबद्दल हे लिहीत आहे. शोरूमला पाचपैकी चार गुण देईन, बँकेला अडीच, आणि त्या अडीचमधलाही मोठा वाटा कर्जविभागातील एका ताईंचा आहे, ज्यांनी पहिल्याच भेटीत सगळा हिशेब कागदावर मांडून दिला.

हिशेब असा होता. कर्ज 8 लाखांचे, दर 9 टक्के, मुदत पाच वर्षे, मासिक हप्ता 16,607 रुपये. तीस हप्त्यांत माझे सुमारे 4 लाख 98 हजार रुपये गेले होते, पण मुद्दल फिटले होते 3 लाख 55 हजारांच्या आसपासच, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा भाग मोठा असतो. त्यामुळे 4,44,645 रुपये अजून देणे होते. करारानुसार मुदतीपूर्वी कर्ज बंद केल्यास शिल्लक मुद्दलावर 5 टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 26,234 रुपये. व्यक्तींनी व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या तरत्या, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या, दराच्या कर्जावर बँकांना असे शुल्क घेता येत नाही, परंतु कारकर्जे बहुधा स्थिर दराची असतात आणि माझेही तसेच होते. तरीही उरलेल्या तीस हप्त्यांतले सुमारे 53,500 रुपये व्याज वाचणार असल्याने शुल्क भरूनही मी फायद्यात होतो. हेच कर्ज अठ्ठेचाळिसाव्या हप्त्यानंतर बंद केले असते, तर वाचणारे व्याज जेमतेम 9,400 रुपये आणि शुल्क कर धरून 11,200 झाले असते. ‘आता थोडेच हप्ते राहिलेत, बंद करून टाकू’ असे म्हणणाऱ्या माझ्या मेव्हण्याला हा आकडा दाखवला, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

शोरूमने जुन्या गाडीचे 5 लाख 80 हजार ठरवले. हप्ता दहा तारखेला जात असे आणि कर्ज बावीस तारखेला बंद झाले, म्हणून मधल्या बारा दिवसांचे, दिवसाला साधारण 110 रुपये याप्रमाणे 1,316 रुपये व्याजही फोरक्लोजर पत्रात, म्हणजे मुदतीपूर्वी कर्ज बंद करण्याच्या हिशेबपत्रात, धरले होते. एकूण 4,72,195 रुपये शोरूमने थेट बँकेच्या कर्जखात्यात भरले आणि उरलेले 1,07,805 नव्या गाडीच्या किमतीत वळते केले; त्यातले 15 हजार मात्र बँकेची एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचे ना हरकत पत्र, येईपर्यंत राखून ठेवले. ही अट त्यांनी व्यवहारापूर्वीच लेखी दिली होती, त्यामुळे माझी तक्रार नाही. गाडी सोपवताना तारीख, वेळ आणि मीटरचे आकडे असलेली पावतीही त्यांनी न मागता दिली, जी फार महत्त्वाची असते, कारण आरसीवरचे, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचे, नाव बदलेपर्यंत चलने आपल्याच नावावर येत राहतात. एक गुण कापला तो जुनी गाडी दिल्याबद्दल मिळणाऱ्या ‘एक्स्चेंज बोनस’मुळे. पंचवीस हजारांच्या या बोनसचा गवगवा मोठा, पण तो स्वीकारला की नव्या गाडीवरची दुसरी सवलत मिळत नाही, हे चौथ्या भेटीत कळले.

घोडे अडले ते पुढे, बँकेत. कर्ज बंद झाले की खात्यातून हप्ता कापण्याची सूचना आपोआप रद्द होते असे मला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात पुढच्या दहा तारखेला 16,607 रुपये खात्यातून गेले आणि परत यायला अकरा दिवस लागले.

एनओसी सतराव्या दिवशी आली. ती फॉर्म 35 च्या, म्हणजे आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद काढण्याच्या अर्जाच्या, दोन प्रतींसह शोरूमला दिली, आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या आरटीओचे काम पाहणाऱ्या काकांचा फोन आला की चॅसी क्रमांकात एके ठिकाणी ‘बी’ हवे, तिथे ‘आठ’ छापले आहे. त्यांनी आरसी आणि एनओसी शेजारी शेजारी ठेवून काढलेला फोटो पाठवला, तेव्हाही मला ती चूक दोनदा पाहिल्यावर दिसली. अशा कागदावर आरसीवरचा बँकेचा बोजा उतरत नाही. शाखेने विनंती मुख्य कार्यालयाकडे पाठवली, तिथून ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढेच उत्तर येत राहिले. अखेर मी तक्रार विभागाला लिहिलेल्या ईमेलमध्ये रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकाचा उल्लेख केला, ज्यानुसार पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत कागदपत्रे परत करून नोंदलेला बोजा काढावा लागतो आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. तो अठ्ठाविसावा दिवस होता. दुरुस्त एनओसी दुसऱ्या दिवशी दुपारी हातात पडली, आणि त्या आठवड्यातच राखून ठेवलेले 15 हजारही आले.

विम्याचे काम सोपे होते: जुन्या विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचे, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलच्या सवलतीचे, पत्र घेतल्याने 25 टक्के सवलत नव्या गाडीच्या पॉलिसीत मिळाली. जुना फास्टॅग बंद करायला मात्र मी विसरलो आणि तळेगावच्या टोलचा एक मेसेज आल्यावर धावपळ केली.

नव्या गाडीसाठी कर्ज दुसऱ्या बँकेकडून घेतले. ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जांसोबत ठळक माहितीचे पत्रक देणे बंधनकारक असल्याने मुदतपूर्व शुल्क या वेळी पहिल्याच पानांत सापडले: दोन वर्षांपर्यंत 4 टक्के, त्यानंतर 2. सही करण्यापूर्वी त्या ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ मारली, तेव्हा समोरचा अधिकारी हसून म्हणाला, ‘साहेब, अजून गाडी आली नाही आणि तुम्ही निघायची वाट बघताय.’