कारच्या एसीला ४१,६०० चं एस्टिमेट आणि शेवटी बिल झालं ७,५५० (सदर, नागपूर)

मी सहसा रिव्ह्यू वगैरे लिहीत नाही पण या दुकानासाठी लिहितेय कारण मागच्या उन्हाळ्यात मी जितके पैसे आणि दिवस घालवले तितके दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक. मी रोज नागपूर ते उमरेड जाते, एका बाजूने साधारण ४५ किलोमीटर, आणि ज्यांनी तो रोड पाह्यला त्यांना माहितीच आहे की कोळशाच्या ट्रकमागे लागलं तर काच खाली करायची सोयच नाही, काच उघडली की धूळ आणि बंद ठेवली की भट्टी. एप्रिलच्या सुरुवातीला एसीची हवा नुसती पंख्यासारखी यायला लागली. घराजवळच्या एका ठिकाणी दाखवली, तो म्हणाला गॅस संपला, दहा मिनिटांत डब्यातून गॅस मारून दिला, १,५०० घेतले. वीस दिवस मस्त चाललं, मग परत तेच. दुसऱ्याकडे गेली, त्यानेही तेच केलं, १,८०० रुपये, यावेळी जेमतेम पंधरा दिवस. मे लागला होता, पारा ४४ च्या वर, नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) समोर दिसत होता आणि मी बँकेत पोचेपर्यंत घामाने भिजलेली असायची.

मग म्हटलं एकदा नीटच करून घेऊ, म्हणून ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरला नेली (नाव लिहीत नाही). गाडी अर्धा दिवस ठेवून घेतली आणि संध्याकाळी एस्टिमेट हातात दिलं, कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) १८,५००, कंडेन्सर (गाडीच्या पुढची जाळी, जिथे गॅसची उष्णता बाहेर जाते) ६,८००, कुलिंग कॉइल (डॅशबोर्डच्या आत असते, तिच्यावरून थंड हवा येते) ५,४००, एक्सपान्शन व्हॉल्व आणि ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा भाग) २,९००, गॅस आणि ऑइल २,४००, लेबर ५,६००. टोटल ४१,६००. मी विचारलं यातलं नेमकं काय खराब आहे, तर म्हणे मॅडम गाडी जुनी आहे, पूर्ण किटच बदलावी लागते. लीक कुठे आहे ते शोधलं का, यावर काहीच उत्तर नाही. इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, कॉम्प्रेसर आतून घासला जाऊन जाम झाला असेल आणि त्याचा धातूचा चुरा पाइपांमध्ये पसरला असेल तर कंडेन्सर आणि ड्रायर सोबत बदलावाच लागतो, तो खर्च खोटा नसतो. पण माझ्या गाडीत कॉम्प्रेसरचा क्लच टक करून लागत होता, कसलाच आवाज नव्हता, आणि त्यांनी काही तपासलेलंच नव्हतं.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने हे दुकान सांगितलं. शनिवारी सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला पोचली. पहिलंच वाक्य मी म्हटलं की गॅस दोनदा भरला आणि दोनदा संपला, तर दुकानातले दादा म्हणाले, "ताई, ग्यास काही पेट्रोल नाही जी, का जळून जाईल. कमी झाला म्हणजे कुठून तरी निघून राहिला. आधी ते पाहू." खरं सांगते, तीन ठिकाणं फिरल्यावर पहिल्यांदा कोणीतरी हे बोललं. एसीचा गॅस बंद चक्रात फिरतो, घट्ट बसलेली सिस्टीम असेल तर वर्षानुवर्षं भरावा लागत नाही, आणि वीस दिवसांत कमी होतो म्हणजे भोक आहे. भोक न बुजवता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी.

गेज (गॅसचं प्रेशर मोजायचा मीटर) लावला, इंजिन बंद असताना दोन्ही काटे ४० पीएसआयच्या आकड्यावर. एवढ्या उन्हात सिस्टीममध्ये पुरेसा गॅस असता तर बंद गाडीतही काटा शंभरच्या बराच वर असता हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मग सिस्टीम रिकामी करून नायट्रोजन भरला आणि जॉइंटवर साबणाचा फेस लावत गेले. कॉम्प्रेसरजवळच्या एका पाइपाच्या जोडावर बारीक बुडबुडे आले, तिथला ओ रिंग (रबरी गोल पट्टा) दगडासारखा कडक झाला होता. पण मोठा लीक पुढे निघाला. बंपर सैल करून त्यांनी टॉर्च मारला, कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात धूळ काळी आणि चिकट झाली होती, बाकी सगळी जाळी कोरडी करडी आणि तेवढाच एक रुपयाएवढा डाग ओला. बोट फिरवून मला दाखवलं, तेल. गॅससोबत कॉम्प्रेसरचं ऑइल सिस्टीममध्ये फिरत असतं त्यामुळे गॅस सुटतो तिथे तेलही सुटतं आणि त्यावर धूळ बसते. फेस लावला तर तिथे मोठाच फुगा आला. बाजूच्या दोन पात्या आत दबलेल्या होत्या, म्हणाले ट्रकमागे चालवता का, दगड लागलेला आहे. कंडेन्सर रेडिएटरच्याही पुढे असतो, मार पहिला त्यालाच.

मी कॉम्प्रेसरचं विचारलं. ते म्हणाले आत्ता नाही सांगू शकत, लीक काढून गॅस भरला की प्रेशर पाहूनच कळेल, आधीच बदला म्हणणार नाही. नवीन कंडेन्सर बसवून परत नायट्रोजन भरला आणि तासभर तसाच ठेवला, काटा हलला नाही, म्हणजे कुलिंग कॉइल पण ठीक, डॅशबोर्ड खोलायचं कामच नाही. मग अर्धा तास व्हॅक्युम, ज्याने आतली हवा आणि ओल निघते, आणि हेच आधीच्या दोघांनी केलं नव्हतं. गॅस वजनकाट्यावर ठेवून ४२० ग्रॅम मोजून भरला. बॉनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम आणि कोणता गॅस ते लिहिलेलं असतं, मी नऊ वर्षांत कधी वाचलं नव्हतं.

बिल: कंडेन्सर (ड्रायर त्यातच) ३,९००, ओ रिंग १२०, ऑइल २८०, गॅस १,३००, नायट्रोजन, व्हॅक्युम आणि मजुरी मिळून १,६००, आणि केबिन फिल्टर ३५०, तो काळा ठिक्कर झाला होता म्हणून मीच बदला म्हटलं. एकूण ७,५५०. कॉम्प्रेसर अगदी बरोबर चालला. डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळीत थर्मामीटर लावून दाखवला, बाहेर ४३ असताना गाडी उभी असताना १४ आणि रिंगरोडवर चक्कर मारल्यावर ११. न मागता जुना कंडेन्सर माझ्या डिक्कीत ठेवला.

आता जे पटलं नाही ते पण लिहिते. तीन तास सांगितले आणि निघायला संध्याकाळचे पाच वाजले, पार्ट इतवारी बाजारातून आणायला माणूस गेला तो दोन तास आलाच नाही. बसायला नीट जागा नाही, टिनाच्या शेडखाली मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाला घेऊन अजिबात थांबू नका. कार्ड चालत नाही, बिल हाताने लिहून मिळतं, पण त्यावर कंडेन्सरची सहा महिन्यांची वॉरंटी लिहून घ्या, मी घेतली. आणि सिस्टीममध्ये उरलेला गॅस त्यांनी हवेतच सोडला, तो परत गोळा करायचं मशीन त्यांच्याकडे नाही. हा आर१३४ए गॅस हवेत कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट उष्णता धरतो, मला हे खरंच वाईट वाटलं आणि मी त्यांना तसं बोलली पण. मशीन घ्यायचं आहे म्हणाले, आत्ता जमत नाही. काही नवीन गाड्यांमध्ये आर१२३४वायएफ हा दुसरा आणि खूप महाग गॅस असतो, ते काम ते घेत नाहीत, त्यामुळे आधी स्टिकर पाहा आणि मगच जा.

कामाला पाच स्टार, बाकीचं धरून चार देते. यंदा एप्रिलमध्ये प्रेशर चेक करायला नेली होती, काटा गेल्या वर्षीच्याच जागी. दादांनी पैसे घेतले नाहीत, फक्त कंडेन्सरवरची धूळ पाण्याने धुऊन दिली आणि पुढच्या जाळीच्या आत बारीक तारेची एक जाळी लावून घ्या म्हणाले, ती मी लावून घेतली आहे.