विंडोलँडाचा रिव्ह्यू: रोमन सैन्यावर पीएचडी करणाऱ्याच्या नजरेतून

आधी निकाल सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार कापलाय तो बसमुळे आणि लंडनमुळे, दोन्हीचं खाली लिहिलंय.

मी इंग्लंडमध्ये रोमन सैन्यावर पीएचडी करतोय, त्यातही ऑक्झिलिया, म्हणजे रोमन नागरिक नसलेल्या लोकांच्या पलटणी. साताऱ्याला घरी कोणालाही हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे लढाया ना रे सगळ्या?" काकांना तर अजून वाटतं मी दिवसभर तलवारी आणि व्यूहरचना बघत बसतो. त्यांना आणि ज्या कोणाला प्राचीन युद्धेतिहासात पीएचडी करायची खुमखुमी आहे त्या सगळ्यांना मी एकच सांगेन, अर्ज भरायच्या आधी जमलं तर एक दिवस विंडोलँडाला, म्हणजे इंग्लंडमधल्या एका रोमन लष्करी ठाण्याच्या अवशेषांत, घालवा. तिथे लढाई जवळपास नाहीच. हिशेब आहे, रजा आहेत, मागणीपत्रं आहेत, आणि हे बघून तुम्हाला मजा आली तर हा विषय तुमचा, कंटाळा आला तर तीन-चार वर्षं वाचली असं समजा.

जागा नॉर्थम्बरलँडमध्ये, हॅड्रियनच्या भिंतीच्या (सम्राट हॅड्रियनने ब्रिटनच्या सरहद्दीवर बांधलेली) थोडी दक्षिणेला. बरेच लोक भिंत बघायला येतात आणि जाता जाता इथे डोकावतात, पण हे ठाणं भिंतीहून जुनं आहे. भिंतीचं काम इ.स. 122 मध्ये सुरू झालं, इथला पहिला लाकडी किल्ला साधारण 85 च्या सुमाराचा. मग एक पलटण गेली की दुसरी यायची, जुनं पाडून त्यावर माती-गवताचे थर टाकून नवीन बांधायची, असे एकावर एक नऊ किल्ले झाले. त्या थरांखाली हवा पोचलीच नाही, म्हणून लाकूड, चामडं, कापड असलं एरवी कुजून जाणारं सगळं टिकलं. चामड्याचे जोडे तर हजारोंनी निघालेत, त्यात लहान मुलांचेही आहेत, म्हणजे लष्करी ठाण्यात फक्त शिपाईच राहायचे या समजुतीचा तिथेच निकाल लागतो.

पण खरा माल म्हणजे पाट्या. 1973 मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना खणताना लाकडाचे पातळ तुकडे सापडले, एकदोन मिलिमीटर जाडीचे, त्यावर शाईने लिहिलेलं. नुसत्या डोळ्याला काही दिसत नाही, इन्फ्रारेड फोटो काढले की अक्षर उठतं, आणि उठलं तरी ती लिपी अशी की लॅटिन येणाऱ्यालाही वेगळी शिकावी लागते (मी शिकतोय, अजून रडतोय).

यातली एक पाटी माझ्या प्रबंधाच्या मुळाशी आहे म्हणून तिच्यावर जरा वेळ घालवतो. तुंग्रियन लोकांच्या (आजच्या बेल्जियमकडची एक जमात) पहिल्या पलटणीचा 18 मेचा हजेरीपट आहे, सन 90 च्या दशकातला. एकूण माणसं 752, त्यात सेंचुरियन, म्हणजे 'शतक' नावाच्या तुकडीचे अधिकारी, 6. गैरहजर 456! त्यातले 337 एकट्या कोरियाला, म्हणजे आजच्या कॉरब्रिजला, 46 जण गव्हर्नरच्या अंगरक्षकांत, कोणी लंडनला, कोणी आणखी कुठे. ठाण्यात उरले 296. त्यातले 15 आजारी, 6 जखमी, 10 जणांचे डोळे आलेले. म्हणजे कामाचे 265 आणि त्यांच्यावर सेंचुरियन एकच. सोसायटीच्या जनरल बॉडी मीटिंगला कोरम भरत नाही तसली गत, फक्त ही साम्राज्याची सरहद्द आहे.

आता गंमत बघा. पुस्तकी हिशेबाने पलटणी दोन मापाच्या, एक 6 शतकांची, दर शतकात 80 माणसं धरून 480 ची, आणि मोठी 10 शतकांची, 800 ची. मग 6 सेंचुरियन आणि 752 माणसं हे कुठल्या मापात बसवायचं? पलटण लहानाची मोठी करायचं काम चालू होतं, माणसं आली पण अधिकारी नेमायचे राहिले, असा एक अंदाज आहे आणि मलाही तो पटतो. पण यातून जो मोठा प्रश्न येतो तो असा की नकाशावर ठाण्याचं एक चिन्ह दिसलं की आपण तिथे पूर्ण पलटण गृहीत धरतो आणि त्यावर अख्ख्या प्रांताच्या सैन्याची बेरीज करतो, ती बेरीज कितपत खरी? इजिप्तमधले पपायरस आणि सीरियातल्या ड्युरा-युरोपोसचे कागद सोडले तर असले हजेरीपट रोमन जगात फार कमी मिळतात. मी तीन वर्षं याच प्रश्नावर डोकं फोडतोय.

आता साइटबद्दल. वर दगडी किल्ल्याचे आणि बाहेरच्या वस्तीचे पाये उघडे केलेत, त्यातून चालता येतं, मधे भिंतीची पूर्ण उंचीची नक्कल उभारली आहे, एक दगडी आणि एक माती-लाकडाची, त्यावर चढता येतं. दगडी बघून सगळे फोटो काढतात पण मला लाकडीवाली जास्त उपयोगाची वाटली कारण वाचताना ती डोळ्यासमोर येतच नाही. मग उतारावरून खाली ओढ्याकाठी म्युझियम. उतार बऱ्यापैकी आहे, गुडघे कुरकुरत असतील तर चढ लक्षात ठेवा, आणि वारा असा की जूनमध्येही जाकीट लागतं.

म्युझियममध्ये 2017 ला सापडलेले चामड्याचे बॉक्सिंग ग्लोव्ह्ज आहेत, लाकडी कमोड सीट आहे. पाट्यांच्या खोलीत अंधार ठेवलाय, शाई टिकावी म्हणून, गर्दी असली तर थांबून आत जा. बाकी पाट्यांत काय काय आहे म्हणाल तर मास्क्लस नावाचा घोडदळाचा अधिकारी वरिष्ठाला विचारतो उद्याचा हुकूम काय, आणि शेवटी जोडतो की माझ्या पोरांकडची बिअर संपलीये, पाठवायला सांगा. ऑक्टेवियस नावाचा कोणी धान्य-कातड्याचा व्यवहार करतोय, त्याला 500 दिनार तातडीने हवेत, आणि कातडी आणायला गेला नाही कारण रस्ते खराब. क्लॉडिया सेव्हेरा आपल्या मैत्रिणीला, किल्लेदाराच्या बायकोला, 11 सप्टेंबरच्या वाढदिवसाचं आमंत्रण देते आणि शेवटच्या ओळी स्वतःच्या हाताने लिहिते, बाईच्या हातचं लॅटिन म्हणून जे सर्वात जुनं ठाऊक आहे त्यातलं ते एक.

पण ते आमंत्रण लंडनला! बहुतेक पाट्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, 2011 मध्ये त्यातल्या 9 इकडे उसन्या आल्या. जिथे सापडलं तिथून साडेचारशे किलोमीटरवर जाऊन बघायचं म्हणजे काय राव. आपल्याकडच्या लोकांना ही तक्रार समजवायची गरज नाही. पाट्यांचे फोटो आणि वाचन ऑनलाइन फुकट मिळतं हे मात्र मानलं पाहिजे, पुण्यात बसूनही यावर काम सुरू करता येईल.

जोडतिकिटात रोमन आर्मी म्युझियमही येतं, काही मैल पश्चिमेला. मुलं बरोबर असतील तर आधी ते करा, फिल्म वगैरे आहे, पोरं खूश होतात. एकटे असाल आणि वेळ कमी असेल तर सरळ सोडा, संशोधनाच्या दृष्टीने विंडोलँडाच खरं.

बसचं असं की एडी122 नावाची बस आहे (आकडा भिंतीच्या सालावरून, आवडलं मला) ती दारात सोडते, पण फेऱ्या मोजक्या आणि ऋतूप्रमाणे बदलतात, टाइमटेबल बघूनच निघा. नाहीतर बार्डन मिल स्टेशनला उतरून चढण चालत यायची, तीनेक किलोमीटर.

आणि पीएचडीचा विचार खरंच असेल तर दोन गोष्टी. लॅटिन आत्ता सुरू करा, सोबत वाचण्यापुरतं जर्मन, कारण सैन्यव्यवस्थेवरचं जुनं महत्त्वाचं काम बरंचसं जर्मनमध्ये आहे आणि पहिल्या वर्षात दोन्ही एकदम करताना दमछाक होते. दुसरं, फंडिंग हातात असल्याशिवाय येऊ नका, परदेशी विद्यार्थ्याची फी भरून स्वतःच्या पैशाने हा विषय करणं झेपणारं नाही, नंतरच्या नोकऱ्याही थोड्याच. इथे दर हंगामात पैसे भरून स्वयंसेवक म्हणून खणायला घेतात, अनुभव लागत नाही, जागा मात्र पटकन भरतात. अर्जात लिहायला ते चांगलं दिसतं, शिवाय चिखलात गुडघ्यावर बसून विषय आवडतो का ते दोन दिवसांत कळतं.