सोलर बंब की सोलर पॅनल? बिलातला डोंगर बघून ठरवा

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीने लाइट बिलाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ताई आधी सोलरचं गरम पाणी करू की पॅनल बसवू, दोन्हीला एकदम पैसे नाहीयेत. तिचं नाशिकमधेच पाथर्डी फाट्याला रो हाउस आहे, घरात पाच माणसं, टेरेस स्वतःचा. मला वाटलं दोन ओळीत सांगून टाकू, कारण आमच्याकडे इंदिरानगरला नऊ वर्षांपासून गरम पाण्याचं सोलर आहे (सासूबाई त्याला सोलर बंबच म्हणतात, तर मीही इथे बंबच म्हणते) आणि २०२४ मधे पॅनलही बसवले. पण हिशोब करायला बसले तर उत्तर मलाच आधी वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं निघालं, म्हणून सगळं नीट लिहितेय, तुमच्याकडेही हाच प्रश्न असेल तर उपयोग होईल.

पहिली गोष्ट, कुठल्याही डीलरला फोन करायच्या आधी महावितरणचं बिल काढा आणि त्यावर मागच्या बारा महिन्यांचा वीज वापर छापलेला असतो तो बघा. आपण खालची रक्कम बघतो आणि बिल ठेवून देतो, पण खरं उत्तर त्या बारा आकड्यांमधे आहे. बहिणीचे आकडे असे होते, जुलै-ऑगस्टला १२०-१३० युनिट, मे महिन्यात १६५, आणि डिसेंबर-जानेवारीला २०५, २१०. म्हणजे डोंगर थंडीत आहे. आमचं उलट, थंडीत ११० च्या आसपास आणि मे महिन्यात २९०, कारण बंब आहे पण एसीपण आहे. थंडीतला डोंगर म्हणजे गीझर, उन्हाळ्यातला डोंगर म्हणजे एसी, कूलर, पंखे. नाशिकमधे हे जास्तच स्पष्ट दिसतं कारण आपल्याकडे खरी थंडी पडते, निफाडला पारा उतरला आणि द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटल्या की इकडे शहरातही नळाचं पाणी हाताला सोसवत नाही.

आता ते २१० कुठून आले ते बघा. एक बादली धरा २० लिटर, पाच माणसं म्हणजे १०० लिटर. पाणी २५ अंशाने गरम करायचं (हिवाळ्यात जास्तच लागतं) तर २५०० किलोकॅलरी झाल्या, आणि एका युनिटमधे ८६० किलोकॅलरी असतात, म्हणजे साधारण २.९ युनिट, वर गीझरची टाकी उभ्या उभ्या थंड होते ते धरलं की रोज तीन युनिट, महिन्याला ९०. पावसाळ्यातल्या १२० मधे ९० मिळवले की २१०. मी हे तिला फोनवर मांडून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, अगं म्हणजे हिवाळ्यात निम्मं बिल आंघोळीचंच आहे की! आहेच. आणि हे ९० युनिट महागातले असतात. १०० च्या आतलं युनिट आणि १०१ ते ३०० मधलं युनिट यांच्या दरात जवळपास दुपटीचा फरक आहे, आणि वाचतं ते नेहमी वरचं, महाग युनिट.

बंबाची बाजू

पाच माणसांना २०० लिटरचा काचेच्या नळ्यांचा बंब पुरतो, साधारण २५ ते ३० हजारात बसतो. त्याला पूर्वी केंद्राची सबसिडी मिळायची, आता घरगुतीला नाही. तांब्याच्या पाइपचा सपाट पॅनलवाला येतो तो चांगलाच महाग पण टिकाऊ. नाशिकमधे कुठला घ्यायचा हे तुमच्या पाण्यावर ठरवा. नुसतं गंगापूर धरणाचं पाणी असेल तर कुठलाही चालेल, पण बोअरचं पाणी मिसळत असेल तर काचेच्या नळ्या बऱ्या, कारण क्षार बसले तरी नळी काढून ब्रशने धुता येते, तांब्याच्या बारीक पाइपमधे एकदा क्षार धरले की अ‍ॅसिडने साफ करायला माणूस बोलवावा लागतो. आमच्या जुन्या गीझरची कॉइल बदलली तेव्हा हातात घेऊन बघितली होती, बोटाएवढा जाड पांढरा थर, चुन्याच्या भिंतीसारखा, नखाने निघत नव्हता. तोच प्रकार नळीच्या तळाला होतो, म्हणून दर वर्षी पावसाळा संपला की आम्ही दोन नळ्या काढून बघतो. संक्रांतीला पतंगासाठी पोरं टेरेसवर चढतात तेव्हा मात्र लक्ष ठेवायला लागतं, आमची एक नळी तशीच गेली, काही शे रुपयात बदलली पण टाकीतलं सगळं पाणी वाहून गेलं.

बंबाचा मोठा गुण म्हणजे वीज नसली तरी पाणी गरम, कारण गरम पाणी आपोआप वर चढतं आणि थंड खाली येतं, पंप वगैरे काही नाही. मोठा अवगुण म्हणजे पावसाळा. जुलै-ऑगस्टमधे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि नेमकं तेव्हाच ओलं होऊन आल्यावर गरम पाणी हवं असतं. त्यासाठी टाकीतच विजेची कॉइल बसवून देतात आणि इथे आमची मोठी चूक झाली. एका ऑगस्टमधे ते बटण चालूच राहिलं. २०० लिटरची अख्खी टाकी २५ अंशाने गरम करायला जवळपास सहा युनिट लागतात, आपल्याला हव्या असतात चार-पाच बादल्या, आणि थंड पाणी आत आलं की ती परत तापवायला घेते. त्या महिन्याचं बिल बघून आम्ही ती कॉइल कायमची बंद केली आणि बाथरूममधे जुना १५ लिटरचा गीझर परत जोडला. बहिणीलाही हेच सांगितलं, कॉइलवाला बंब घेऊच नको, असलेला गीझर काढू नको, फक्त बाराही महिने चालू ठेवू नको.

दुसरा अवगुण कमी लोक बोलतात. उन्हाळ्यात एवढं कडक ऊन असतं तेव्हा गरम पाणी कोणालाच नको असतं, म्हणजे वर्षातले तीन-चार महिने बंब नुसता उभा. म्हणून वर्षाची बचत ९० गुणिले १२ अशी धरू नका, डीलर तशीच धरतो. बहिणीच्या घरी मी ६०० युनिट धरले, सगळे आकार आणि वीज शुल्क धरून युनिट दहा रुपयांच्या वरच पडतं, म्हणजे वर्षाला सहा हजार, पैसे चार-पाच वर्षांत फिटतात.

पॅनलची बाजू

इथे गणित गेल्या दोन वर्षांत पार बदललंय. फेब्रुवारी २०२४ मधे पीएम सूर्यघर योजना आली, त्यात पहिल्या दोन किलोवॉटला किलोवॉटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार सबसिडी, पुढे कितीही मोठं बसवा. पैसे आधी आपणच भरायचे, सिस्टीम चालू होऊन तपासणी झाली की सबसिडी बँक खात्यात येते, आणि त्यासाठी पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच (पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्या) लागतात, कोटेशनवर तसं लिहून घ्या. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही १२ वरून ५ टक्के झालाय, बंबालाही तोच, जुन्या दराचं कोटेशन कोणी देत असेल तर विचारा.

एक किलोवॉट रोज सरासरी चार युनिट देतं, महिन्याला ११०-१२०, आणि साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा खातं. दोन किलोवॉट सबसिडी वजा जाता ६०-७० हजारात पडतं आणि बहिणीच्या घरचा वर्षाचा जवळपास सगळा वापर त्यात निघून जातो, गीझरसकट. उन्हाळ्यात जास्त बनलेली वीज नेट मीटरने (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) महावितरणकडे जमा होते आणि पुढच्या महिन्यांत वळती होते. म्हणजे मे महिन्याचं ऊन जूनच्या ढगाळ दिवसांना कामाला येतं, बंबाला हे जमत नाही. आणि हेही चार-पाच वर्षांतच फिटतं! मला खरंच आश्चर्य वाटलं, कारण नऊ वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं तेव्हा बंब एवढा पुढे होता की पॅनलचा विचारही केला नव्हता.

पण तीन गोष्टी नीट समजून घ्या. लाइट गेली की पॅनलची वीजही बंद, भर दुपारी ऊन असलं तरी, कारण तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून पॅनलचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारी पेटी) स्वतःहून थांबतो. बॅटरी हवी असेल तर तो खर्च निराळा. दुसरं, बिल शून्य होत नाही, स्थिर आकार येतच राहतो. तिसरं, गरजेपेक्षा मोठं बसवू नका. आमच्याकडे आलेला पहिला माणूस पाच किलोवॉट घ्या म्हणत होता, आमची वर्षाची सरासरी महिना १९० होती. आर्थिक वर्ष संपल्यावर जी वीज शिल्लक राहते तिचे पैसे कमी दराने मिळतात, आपण विकत घेतो त्या दराने नाही. आम्ही दोनच घेतलं आणि पुरतंय.

सावलीबद्दल एकच, पण महत्त्वाचं. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर जरी पडली तरी त्या ओळीतल्या बाकीच्यांचंही उत्पादन पडू शकतं. पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार साधारण वीस अंश, कारण नाशिक वीस अक्षांशावर आहे. बंबाला सावलीचं एवढं नाही, पण त्याची अट वेगळी, थंड पाण्याच्या टाकीचा तळ बंबाच्या टाकीपेक्षा उंच हवा, नाहीतर बंब पूर्ण भरतच नाही.

मग कुठलं

पैसे फिटायच्या वर्षांत दोन्हींची बरोबरी, मग ठरवायचं कशावर? माझ्या मते तीन प्रश्नांवर. हातात आत्ता ३० हजार आहेत की सव्वा लाख, कारण सबसिडी नंतर येते. डोंगर थंडीतच आहे की दोन्हीकडे. आणि पुढच्या दोन वर्षांत एसी, इलेक्ट्रिक स्कूटर, इंडक्शन यातलं काही घरात येणार आहे का. येणार असेल तर थांबा, बंब घेऊ नका, सरळ पॅनलसाठी पैसे साठवा आणि गीझर आहे तोच वापरा. कारण हे कोणी सांगत नाही, पॅनलने सगळं बिल झाकलं की बंबाने वाचवलेल्या युनिटला फारशी किंमतच उरत नाही. दोन्ही बसवायची घाई करू नका. आमच्याकडे दोन्ही आहेत ते बंब आधीपासून होता म्हणून.

पैसे बाजूला ठेवून विचार केला तर मात्र माझं मन अजून बंबाकडे ओढतं. नाशिकरोडच्या बाजूला एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या चिमण्या आपण सगळेच बघत मोठे झालो. कोळसा जाळून जेवढी उष्णता निघते तिची साधारण एक तृतीयांशच वीज होते, बाकी हवेत आणि पाण्यात जाते, आणि ती वीज तारांमधून घरी आणून आपण तिची परत उष्णताच करतो, तीही एक बादली पाण्यासाठी. पॅनल बसवले तरी पहाटे सहाचा गीझर त्याच विजेवर चालतो. बंबात ऊन सरळ पाण्यात जातं, पॅनल उन्हाच्या वीस टक्क्यांची वीज करतो तर बंब निम्म्याच्या आसपास उष्णता पकडतो. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल, बाराही महिने कोमट पाणी लागत असेल, तर मी बंबच म्हणेन.

गॅस गीझरचं पण विचारतात. स्वस्त आहे, पटकन तापतं, पण बंद बाथरूममधे कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आत आंघोळीला जातो आणि बाहेर येत नाही. लावायचाच असेल तर यंत्र बाहेरच्या मोकळ्या बाल्कनीत, फक्त पाइप आत.

फ्लॅटवाल्यांचं वेगळं. माझा भाऊ गंगापूर रोडला सातपैकी चौथ्या मजल्यावर राहतो, टेरेस सोसायटीचा. बंब बसवायला परवानगी मिळाली तरी गच्चीपासून नळापर्यंत वीस मीटर पाइप, पाऊण इंची पाइपमधे मीटरला ०.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे गरम येईपर्यंत रोज सहा लिटर गार पाणी सोडायचं. (ते बादलीत धरून तुळशीला किंवा फरशीला वापरता येतं, आम्ही तेच करतो, पण वहिनी म्हणते सकाळच्या घाईत कोण धरणार, तेही खरंच.) त्याला मी सांगितलं, सोसायटीच्या मीटिंगमधे लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या लाइटसाठी पॅनलचा विषय मांड, सोसायट्यांना सामाईक विजेसाठी किलोवॉटमागे १८ हजार सबसिडी आहे, मेंटेनन्स त्यातून कमी होईल. घरात मात्र पंखे बदल. जुना पंखा ७०-७५ वॉट खातो, कमी विजेवर चालणारा बीएलडीसी पंखा ३० च्या आत-बाहेर, चार पंखे दहा-दहा तास चालले तर महिन्याला ५० च्या वर युनिट वाचतात, परवानगी नको, प्लंबर नको.

बहिणीचं बंबावर जवळपास ठरलं होतं, मग तिचे मिस्टर म्हणाले की दिवाळीला इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचीय, म्हणजे माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बदललं. आता ती पॅनलकडे वळलीय. काल तिने दुपारी तीन वाजता टेरेसवरून फोटो पाठवला, सिंटेक्सच्या टाकीची सावली बरोबर जिथे पॅनल लावायचे तिथेच पडत होती. टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात सरकवावी लागेल, प्लंबर रविवारी येतोय, तोपर्यंत तिला सकाळी नऊ आणि दुपारी बाराचेही फोटो काढून ठेवायला सांगितलेत.