जपमाळ: तारेची की दोऱ्याची?

वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चबाहेर मिळणाऱ्या रोझरीत, म्हणजे कॅथलिक जपमाळेत, दोन प्रकार दिसतात. तारेत ओवलेली दिसायला देखणी, पण दमट हवेत मुलामा काळवंडतो. कड्या नीट मिटलेल्या नसतील तर माळ तुटते, आणि तीही बहुधा मधल्या पदकाशी, कारण तिथे तिन्ही बाजूंचा ताण एकत्र येतो. घेण्याआधी कडीवरून नख फिरवा. नख अडकलं तर फट आहे.

मणी मोजून घ्या: क्रूसाकडच्या लोंबत्या भागात एक मोठा, तीन लहान, एक मोठा, पुढे पाच दशकं (दहा-दहा लहान मण्यांचे गट), त्यांच्या मधे चार मोठे. एकूण ५९. घाईत बनवलेल्या माळेत एखाद्या दशकात नऊ किंवा अकरा मणी निघतात, मग दर लहान मण्याला म्हणायच्या ‘नमो मारिया’ प्रार्थनेचा हिशेब चुकतो.

रोजच्या वापराला नायलॉन दोऱ्याची, लाकडी मण्यांचीच बरी. खिशात वाजत नाही. मोठ्या मण्याच्या दोन्ही बाजूंना गाठ किंवा मोकळी जागा हवी, म्हणजे डोळे मिटूनही बोटाला कळतं. दोऱ्याची टोकं वितळवून बंद केलेली नसली तर गाठ सुटते. सोबतची रहस्यांची (जपताना मनन करायच्या येशू-मारियेच्या जीवनातल्या प्रसंगांची) पुस्तिका २००२ पूर्वीची असेल तर त्या वर्षी जोडलेली गुरुवारची प्रकाशाची रहस्यं त्यात नसतील.